महाराणीच्या पाण्यात कोणी काय कालवलं?

"लिही," गुप्तकाका म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, हात पाठीमागे बांधले आणि खोलीत तीन पावलं टाकली. चौथं टाकायला जागा नव्हती, पुढे कपाट होतं. "लिही. ज्याच्या नजरेतून सुई सुटत नाही, भिंतीपलीकडची कुजबुज ज्याला घरबसल्या ऐकू येते, ज्याचं नाव काढताच भल्याभल्या गुन्हेगारांना घाम फुटतो..."

"कुठे फुटतो? तळहाताला की कपाळाला?" टाचणीने पेन थांबवून विचारलं.

"दोन्हीकडे. लिही. असा तो एकमेव, अद्वितीय, आणि शिवाय अत्यंत नम्र असा तपासप्रमुख म्हणजे मी."

"काका, तुमच्या शर्टाची गुंडी एक घर चुकली आहे."

काकांनी खाली पाहिलं. "वेषांतर आहे ते," ते म्हणाले.

गुप्तकाका म्हणजे टाचणीच्या बाबांचे धाकटे भाऊ. 'गुप्त' हे बिरुद त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलेलं. ते गुप्तहेर आहेत ही गोष्ट दूधवाल्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती, कारण काकांनीच ती एकेकाला गाठून कानात सांगितली होती. पोटापाण्यासाठी ते बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसत. गेली बावीस वर्षं कंडक्टर लोक तिथे छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे, आणि एकदा तर अख्खी कवळी आणून देत होते. होता होता काकांचा असा ठाम समज झाला होता की हे सगळं आपणच शोधून काढतो.

टाचणी नववीत होती. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून हे नाव काकांनीच ठेवलेलं. प्रत्येक तपासात ती त्यांची मदतनीस असे, कारण काकांचं अक्षर काकांनाही लागत नसे. पण या वेळी ती मदतनीसही होती आणि अशीलही. आणि खरं सांगायचं तर तिला हसू मुळीच येत नव्हतं.

बाहेरच्या खोलीत तिची शंभर लिटरची काचेची टाकी होती. दोन वर्षं आईच्या मागे भुणभुण लावून मिळवलेली. तिच्यात दोन एंजल मासे होते. चपटे, त्रिकोणी, लांबलचक परांचे, पोहायला लागले की राजवाड्यातल्या पडद्यांसारखे झुलणारे. मादीचं नाव महाराणी, नराचं सरदार. तळाशी मिशांचा एक छोटा मासा दिवसभर वाळू उकरत फिरायचा, त्याचं नाव मुकादम. शिवाय पाच गोगलगायी, ज्यांना नावं नव्हती, कारण टाचणीला त्या एकमेकींपासून ओळखूच यायच्या नाहीत. या जोडीने अंडी घालावीत आणि ती पिल्लं आपण वाढवावीत, एवढं एकच स्वप्न टाचणीने गेलं वर्षभर पाहिलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी महाराणीच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. जणू कोणी साखर भुरभुरवली होती. टाचणी धावत मासेवाल्या ताईंकडे गेली. मासेवाल्या म्हणजे खायचे नव्हे, पाळायचे मासे विकणाऱ्या. कोणी 'किलोने कसे दिले' असं विचारलं की त्या नुसतं दाराकडे बोट दाखवायच्या. ताईंनी दोन उपाय सांगितले. हीटर लावून पाणी हळूहळू कोमट करायचं, आणि जाडं मीठ घालायचं. शंभर लिटरला शंभर ग्रॅम, वजन करून, तीन वेळा मिळून. बस.

टाचणीने तसंच केलं. दहा दिवसांत ठिपके गेले. सगळं घर खूश झालं.

आणि मग सगळं पुन्हा बिघडलं. या वेळी ठिपके नव्हते. महाराणीने खाणं सोडलं. पर मिटून ती एका कोपऱ्यात उभी राहायची आणि तिचे कल्ले भराभरा उघडमीट करायचे. मुकादम कुशीवर पडून राहायला लागला. पाण्यातली हिरवीगार पानं शिजवलेल्या पालेभाजीसारखी लिबलिबीत झाली. गोगलगायी पाणी सोडून थेट वरच्या झाकणाला जाऊन चिकटल्या. त्यातल्या दोन तर मेल्याच. ताई नेमक्या नवे मासे आणायला परगावी गेलेल्या आणि त्यांचा फोन लागेना.

आईने मंगळवारी निकाल दिला. "मला हे रोज उठून मरताना बघणं जमायचं नाही. दुकानात निरोप ठेवलाय. रविवारी ताई आल्या की टाकी घेऊन जातील. त्यांच्याकडे जगतील तरी बिचारे."

"आई, पण..."

"रविवार."

म्हणून टाचणीने बुडत्याने काडीचा आधार घ्यावा तसा काकांचा आधार घेतला होता.

काकांनी भिंग काढलं आणि टाकीभोवती एक फेरी मारली. सरदार काचेजवळ येऊन त्यांच्याकडे बघत राहिला.

"हा नजर चुकवत नाही," काका पुटपुटले. "बनेल दिसतो. नवरा आहे ना तिचा? लिही: संशयित क्रमांक एक, नवरा. नेहमी नवराच असतो."

"त्याला हात नाहीत, काका."

"म्हणूनच कोणी संशय घेत नाही." काकांचं भिंग वर सरकलं. "आणि ह्या तिघी? घटनास्थळ सोडून पळ काढताहेत! निरपराध माणूस कधी पळतो का?"

"त्या गोगलगायी आहेत. दोन दिवसांत वीतभर पळाल्यात."

"थंड डोक्याने पळाल्यात. लिही."

टाचणीने लिहिलं. मग काकांचं भिंग टाकीच्या काठाशी येऊन थबकलं. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काचेवर आणि झाकणाखाली, पांढरट पापुद्रा जमला होता. काकांनी नखाने तो खरवडला. बारीक पांढरी पावडर कागदावर पडली. काकांचा श्वास वर गेला तो बराच वेळ खाली आला नाही.

"विष," शेवटी ते म्हणाले.

टाचणीने पावडरीकडे वाकून पाहिलं. काका नेहमी चुकतात हे तिला ठाऊक होतं. पण पावडर खरीच होती.

"आता विचार कर," काका म्हणाले. "पांढरी पावडर कोणाकडे असते? ज्याच्याकडे दातांचे साचे बनतात त्याच्याकडे! वरच्या मजल्यावर कोण राहतं?"

"दातांचे डॉक्टर."

"हवेच्या पंपाची घरघर होते म्हणून गेल्या महिन्यात तक्रार कोणी केली होती?"

"दातांच्या डॉक्टरांनी. पण काका, मग तुम्ही पंपाखाली स्पंज ठेवून दिलात आणि त्यांनी आभार मानले."

"आभार!" काका कडवटपणे हसले. "टाचणे, पाण्यात राहून माशाशी वैर करणारे खूप पाहिले. हा वरच्या मजल्यावर राहून करतोय."

बुधवारी संध्याकाळी काका पावडरीची पुडी खिशात घालून वर गेले. टाचणी वही घेऊन मागे. दवाखान्यात शेवटचा रुग्ण नुकताच गेला होता. डॉक्टर हात धूत होते.

"बसा," ते म्हणाले.

काका बसले. बसायला एकच खुर्ची होती, ती मागे कलणारी. ती कललीच.

"मी तुमच्याशी एका पांढऱ्या पावडरीबद्दल..."

"हो हो, बोलू. आधी आ करा."

"मी तपासासाठी आलोय!"

"तपासणारच आहे. आ."

पुढची वीस मिनिटं टाचणीने वहीत काही लिहिलं नाही. फक्त एकदा डॉक्टरांनी मान वळवून तिला सांगितलं, "अक्कलदाढ होती. पार किडलेली. बरं झालं वेळेवर आणलंस यांना."

काका खाली उतरले तेव्हा त्यांचा उजवा गाल भोपळ्याएवढा झाला होता आणि तोंडात कापसाचा बोळा होता. अक्कलदाढ कागदात गुंडाळून खिशात होती, पावडरीच्या पुडीशेजारी.

"मामा मोमावा," ते म्हणाले.

"काय?"

"मामा! मोमावा!"

"सभा बोलवा?"

काकांनी जोरात मान हलवली, मग कळवळून गाल धरला.

सभा जेवणाच्या टेबलाभोवती भरली. पुढे काय झालं ते कळायला या टेबलाची एक रीत माहीत असायला हवी. आजोबांचा रक्तदाब सात महिन्यांपूर्वी वाढला, तेव्हापासून डॉक्टरांच्या हुकमाने घरातलं सगळं जेवण अळणी. एकट्या आजोबांना वेगळं वाढलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून आई सगळ्यांनाच अळणी वाढायची. आणि सगळे निमूट खायचे. म्हणजे दिसायला निमूट. प्रत्यक्षात प्रत्येकाने आपापली सोय केली होती. बाबांच्या चष्म्याच्या डबीत चष्मा नसायचा. टाचणीच्या कंपासपेटीत खोडरबराच्या घरात खोडरबर नसायचं. दुसऱ्याचं गुपित सगळ्यांना माहीत होतं आणि आपलं कोणालाच माहीत नाही अशी प्रत्येकाची खात्री होती. फक्त आजोबाच मिठाशिवाय उकडलेल्या अंड्याकडे बघत सुस्कारे टाकत बसायचे.

त्यात गेल्या आठवड्यापासून स्वयंपाकघरातली मिठाची बरणी भराभर रिकामी व्हायला लागली होती, आणि त्याचा आळ सरळ आजोबांवर आला होता.

"मामंजी, खरं सांगा," सभा सुरू व्हायच्या आधीच आईने आजोबांना गाठलं. "किलोभर मीठ आणलं होतं. अर्धं गेलं. कुठे गेलं?"

"सूनबाई, मी बरणीला हात लावला असेल तर हा हात झडो."

"मग काय बरणीला पाय फुटले?"

"मोम मोम!" काकांनी टेबलावर थाप मारली.

"शांत व्हा, म्हणताहेत," टाचणीने सांगितलं.

"ह्याच्या तोंडाला काय झालं?" बाबांनी विचारलं.

"संशयिताने दाढ काढली."

बाबांनी आणखी काही विचारलं नाही. काकांच्या भावाला एवढा अनुभव होता.

काकांनी पुडी टेबलाच्या मधोमध उघडून ठेवली आणि मोठ्या थाटात टाचणीकडे बोट दाखवलं. ती वही वाचायला उभी राहिली.

"मुद्दा पहिला. टाकीवर पांढरी विषारी पावडर सापडली. मुद्दा दुसरा. ती वरच्या डॉक्टरांची आहे. मुद्दा तिसरा." तिने पान उलटलं. "तिसऱ्या मुद्द्यावर रक्ताचा डाग पडलाय, वाचता येत नाही."

"मो मा मामी!"

"आणि गोगलगायीही सामील आहेत, असं काका म्हणतात."

"भावजी," आई म्हणाली, "तुम्ही कढत पाण्याने गुळण्या करा आणि झोपा."

या गडबडीत आजोबांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ते त्या पुडीकडे बघत होते. माणूस खूप वर्षांनी भेटलेल्या मित्राकडे बघतो तसं. त्यांचा हात हळूच पुढे सरकला. करंगळीचं टोक पावडरीत बुडलं आणि तोंडात गेलं.

"आजोबा! विष आहे ते!" टाचणी किंचाळली.

आजोबांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की सगळे बघतच राहिले. त्यांनी करंगळी पुन्हा एकदा बुडवली, म्हणजे खात्री करण्यासाठी. मग तिसऱ्यांदा, तेव्हा मात्र आईने पुडी ओढून घेतली.

"सात महिने झाले," आजोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पण ही चव मी विसरेन होय? सूनबाई, हे मीठ आहे."

"मोम?" काका म्हणाले.

टाचणी मटकन खाली बसली. मग ताडकन उठली. तिच्या डोक्यात एकामागोमाग एक दिवे लागत होते. पाणी उडून जातं. मीठ उडत नाही. ते टाकीतच राहतं, आणि पाण्याचे शिंतोडे वाळले की काठावर पांढरं जमतं. पानं खारात मऊ पडतात, तशीच पडली होती. गोगलगायींना खार सोसत नाही, म्हणून त्या पाणी सोडून पळाल्या. आणि मुकादमच्या जातीला तर सगळ्यांत आधी बाधतं, हे ताईंनी तिला सांगितलं होतं.

"पण शंभर ग्रॅमने एवढं होणार नाही," ती म्हणाली. "मी वजन करून घातलं होतं. तीन वेळा मिळून. त्यानंतर कणभरही नाही."

बाबांना खोकला आला. एरवी त्यांना खोकला कधी येत नसे.

"बाबा?"

"अगं, मी आपला रोज संध्याकाळी दोन चमचे," बाबा चष्म्याच्या डबीशी चाळा करत म्हणाले. "ठिपके गेले तरी पुन्हा येऊ नयेत म्हणून. मला वाटलं, या घरात मीठ म्हटलं की हात आखडताच. पोरीने कमीच घातलं असणार."

"आई?"

आई आधी बरणीकडे बघत होती. मग खाली बघायला लागली.

"मूठभर," ती पुटपुटली. "सकाळी. तू शाळेत गेलीस की."

"रोज?"

"मग काय! ती बिचारी महाराणी माझ्याकडे बघत उभी असायची. औषधाला कंजुषी नको म्हटलं."

"म्हणजे बरणी तुम्हीच रिकामी केलीत!" आजोबा एकदम खुर्चीत ताठ बसले. "आणि मला चोर ठरवलंत?"

"मामंजी, माझं चुकलं. माझ्या एका मुठीने एवढं संपेल असं वाटलंच नाही," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका पडला की आजोबांनी पुढचं वाक्य गिळून टाकलं. त्यांनी फक्त समोरचं उकडलेलं अंडं बशीसकट दोन बोटं पुढे सरकवलं. आईने पुडीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, मग बरणी उघडून त्यावर एक चिमूट घातली. "फक्त आज," ती म्हणाली. आजोबांनी ते अंडं इतक्या हळू खाल्लं की त्यांचा घास संपेपर्यंत सगळी सभा थांबली.

टाचणी काकांकडे वळली. काका छताकडे बघत होते.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"मी मम," काका म्हणाले.

"मी पण," टाचणीने सगळ्यांना सांगितलं. दुभाष्याचं काम करताना इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

काकांनी वही ओढली आणि 'गुन्हेगार' या शब्दापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: सर्व. मग थोडा विचार करून त्याखाली लिहिलं: तपासप्रमुखाने हेतुपुरस्सर, गुन्हेगारांचा विश्वास संपादन करण्यासाठी. ते अक्षर कोणालाच लागलं नाही, म्हणून काका वाचले.

"चला, मग झालं!" बाबा बाह्या सारत उठले. "टाकी रिकामी करू, ताजं पाणी भरू. दहा मिनिटांचं काम."

"नाही," टाचणी म्हणाली.

"पण ते मरताहेत गं!" आई म्हणाली.

"मोममो!" काका बादली आणायला पळाले.

"थांबा!"

टाचणीचा आवाज एवढा मोठा निघेल असं टाचणीलाही वाटलं नव्हतं. काका बादलीसकट जागच्या जागी थिजले.

"त्यांना आठवडाभर हळूहळू खाऱ्या पाण्याची सवय झालीय. एकदम गोड्या पाण्यात टाकलं तर धक्क्यानेच मरतील. रोज एक चतुर्थांश पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. नळाचं थेट नाही, एक दिवस बादलीत उघडं ठेवलेलं. आज घरात पिण्याचं भरून ठेवलेलं आहे, ते वापरू. आणि आजपासून टाकीत माझ्याशिवाय कोणी काही घालणार नाही. चिमूट नाही, मूठ नाही, चमचा नाही. कळलं?"

घरातली चार मोठी माणसं एका रांगेत उभी राहिली. तिघं "हो" म्हणाली. काका "मो" म्हणाले.

"पाणी किती खारट राहिलंय ते रोज कोणीतरी चाखून बघायला हवं," आजोबा उत्साहाने म्हणाले.

"मामंजी!"

"मी आपलं सुचवलं."

गुरुवारपासून घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. जिकडे बघावं तिकडे बादल्या. बाबा रोज सकाळी एका बादलीत पाय घालून कामावर जात. टाचणी शाळेतून आली की नळी लावून मोजून पंचवीस लिटर काढायची आणि तेवढंच नवं पाणी आधी हात घालून पाहून, कोमट करून, पेल्यापेल्याने ओतायची. त्याला दोन तास लागायचे. शुक्रवारी मुकादम उठून पोटावर बसला. शनिवारी गोगलगायींपैकी एकीने झाकण सोडलं. पण महाराणी तशीच कोपऱ्यात, पर मिटून. टाचणी तिच्यासमोर स्टूल टाकून अभ्यास करायची आणि एकच गणित चारदा सोडवायची.

"अजून खात नाही?" आई येता-जाता विचारायची.

"नाही."

"आणि उद्या रविवार."

"माहितीय."

रविवारी सकाळी ताई आल्या. हातात झाकणाचं मोठं पिंप, खांद्यावर जाळ्या, मागे दोन हमाल टाकी उचलायला. टाचणीने सगळं सांगितलं. ताईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण 'मूठभर' ऐकल्यावर त्यांना जिन्यातच बसावं लागलं. मग डोळे पुसून त्या आत आल्या, टाकीसमोर वाकल्या आणि एकेका माशाला निरखून पाहिलं. त्यांनी डबीतून दोन-तीन दाणे टाचणीच्या तळहातावर ठेवले. "तू घाल. तुला ओळखते ती."

टाचणीने हात पुढे केला. दाणे पाण्यावर पसरले. सरदारने एक मटकावला. दुसरा हळूहळू बुडायला लागला, महाराणीच्या समोरून, खाली, आणखी खाली. मागे आई, बाबा, आजोबा आणि अजून थोडेसे सुजलेले काका श्वास रोखून उभे होते. हमालही.

महाराणीने एक पर उघडला. मग दुसरा. आणि दाणा वाळूला टेकायच्या आत गट्टम केला.

घरात असा आरडाओरडा झाला की वरचे डॉक्टर काय झालं बघायला खाली आले.

"जगेल ही," ताई म्हणाल्या. "जोडीही चांगली जमलीय. असंच स्वच्छ पाणी राहिलं तर महिन्याभरात अंडी घालेल." मग त्या आईकडे वळल्या. "निरोप तुमचाच होता ना? टाकी नेऊ की राहू दे? हमाल थांबलेत."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. टाचणीने पाहिलं नाही. ती काचेकडे बघत उभी राहिली. तिच्या हाताला ओल्या दाण्यांचा वास येत होता.

आई पुढे आली, पदराने काचेवरचा एक डाग पुसला आणि आतल्या मुकादमाला नीट न्याहाळलं.

"टाकी कसली नेताय," ती म्हणाली. "पण तुम्ही आलाच आहात तर विचारते. वरच्या दोघांचा संसार आहे. हा खाली एकटाच राबतो दिवसभर. याला सोबतीला कोणी आहे का तुमच्याकडे?"

"आहेत की, चार. यांना चौघापाचांतच बरं वाटतं," ताई म्हणाल्या. "पण नवे मासे लगेच आत नाही सोडायचे. आधी पंधरा दिवस वेगळ्या पाण्यात ठेवायचे, रोग नाही ना बघायचं. एखादं मोठं टोपलं किंवा टब आहे का?"

"न्हाणीघरात आहे ना मोठा टब," आई म्हणाली.

"आणि मी अंघोळ कुठे करू?" बाबांनी विचारलं.

"पंधराच दिवसांचा प्रश्न आहे," आई म्हणाली आणि टब रिकामा करायला आत गेली.